बाबासाहेबांनी मिळवून दिलेली शिष्यवृत्ती आणि आपली जबाबदारी



दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या पिंपळगाव राजा येथे घरोघरी एकच विषय निघतो. विहारात वंदना झाल्यावर मंडळी बाहेर ओट्यावर बसतात आणि कुणीतरी विचारतो, "सर, पोरगं पास झालं, आता कोणत्या लाइनला टाकावं?" एखादी माय दबकत दबकत विचारते, "शिष्यवृत्तीचा फारम कुठी भरा लागते जी?" मायबाप दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबतात, पण लेकरू शिकलं पाहिजे ही जिद्द त्यांच्यात आहे. प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो इतिहास माहीत नसल्यामुळे आपल्या घरांत दोन चुका होतात. कुणी शिष्यवृत्तीला सरकारची मेहरबानी समजतो आणि मागायला लाजतो. कुणी तिला आपोआप घरी येणारी वस्तू समजतो आणि मुदत घालवून बसतो. म्हणून वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत शिष्यवृत्ती आपल्यापर्यंत कशी आली आणि आज ती आपल्या मुलांच्या हाती कशी पडेल, या दोन्ही गोष्टी सांगायचे ठरवले आहे.

वाट दाखवणारा माणूस

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात शिष्यवृत्त्यांचा मुद्दा होता. ज्या वर्गांमध्ये शिक्षण पोहोचलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. नुसत्या परीक्षेतल्या चढाओढीवर त्या दिल्या तर ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पुस्तके आहेत तेच त्या घेऊन जातात, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या आणि शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला.

बाबासाहेबांचे स्वतःचे शिक्षण तर शिष्यवृत्तीवरच उभे राहिले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र भेट दिले, ही गोष्ट आपण जाणतो. पण त्याच केळुसकर गुरुजींनी पुढे त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, हे आपण विसरतो. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये दिले, म्हणून एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पूर्ण झाले. १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांना करावा लागला.

ते १९१७ साली बडोद्याला नोकरीवर हजर झाले तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. नोकरी सोडावी लागली. तरी शिक्षण सोडले नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै पै साठवली, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज काढले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. आपल्या मुलांनी यातून एवढे शिकावे की हुशारी तर लागतेच, पण योग्य वेळी योग्य दारापाशी घेऊन जाणारा माणूसही लागतो. बाबासाहेबांना केळुसकर गुरुजी मिळाले. आपल्या गल्लीतल्या पोराला कोण मिळणार?

१९४२ चे निवेदन

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य वर्गाच्या तक्रारींचे एक सविस्तर निवेदन दिले. बनारसच्या हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला सरकार दरसाल तीन-तीन लाख रुपये देते, मग आमच्या मुलांच्या शिक्षणासाठी काय देते, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. हा प्रसंग त्यांनी पुढे राज्यसभेतही सांगितला. सरकारने दरसाल तीन लाख रुपये मंजूर केले. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि काही विद्यार्थी परदेशातही गेले.

यात बाबासाहेबांचा हेतू नुसते कारकून तयार करण्याचा नव्हता. आपली माणसे माऱ्याच्या जागांवर बसली पाहिजेत, म्हणून विज्ञान, तंत्रशिक्षण आणि परदेशी शिक्षण यांवर त्यांचा भर होता. शिक्षण घेतल्यावर जागाही हव्यात, म्हणून १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या. १९४६ साली ते प्रमाण साडेबारा टक्के झाले. आज जिला आपण 'भारत सरकारची शिष्यवृत्ती' म्हणतो, जिच्या फॉर्मसाठी आपण रांगा लावतो, तिचे मूळ हे आहे. स्वातंत्र्यानंतर तीच योजना १९४८-४९ पासून आदिवासींसाठी लागू झाली. म्हणजे बाबासाहेबांनी उघडलेल्या दारातून इतरांचीही मुले आत गेली.

धर्मांतरानंतरची चौतीस वर्षे

हा भाग नव्या पिढीने मन लावून वाचावा. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने जाहीर झाली. त्या आदेशात ही सवलत धर्माला बांधलेली होती. आधी हिंदू, मग १९५६ साली शीख. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि कायद्याच्या दृष्टीने ते केंद्राच्या यादीबाहेर गेले. गावकुसाबाहेरचे घर तेच, मजुरी तीच, गावाची वागणूकही तीच. फक्त कागदावरून नाव गेले.

आपल्या जिल्ह्यात तर त्याच सुमारास दुसराही बदल झाला. बुलढाणा जिल्हा आधी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, १९५० पासून त्या राज्याला मध्यप्रदेश म्हणू लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे दीक्षेनंतर तीनच आठवड्यांच्या आत, विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला. धर्म बदलला, राज्यही बदलले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९६० साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. त्यामुळे महाराष्ट्रात आपली मुले शिकू शकली. पण रेल्वे, पोस्ट, बँका, केंद्राची खाती यांत दार बंदच राहिले. त्या काळात कित्येक घरांत धम्म एक आणि दाखला दुसरा, अशी ओढाताण झाली. ज्यांनी पोटासाठी दाखल्यावर जुनी नोंद ठेवली त्यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. त्यांच्या मनाला काय यातना झाल्या असतील ते त्यांनाच ठाऊक.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्याच्या मागण्यांत जमिनीबरोबर बौद्धांच्या सवलतींची मागणीही होती. मोठ्या संख्येने लोक तुरुंगात गेले, त्यांत बायाबापड्या होत्या. अखेर १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. १९५६ ते १९९०, म्हणजे चौतीस वर्षे. एका पिढीचे पूर्ण उमेदीचे वय त्यात गेले. असा हक्क आपण एका झेरॉक्सपायी, एका तारखेपायी गमवावा काय?

मिलिंद आणि सिद्धार्थ

शिष्यवृत्ती असली तरी कॉलेज आणि राहण्याची सोय हवी. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले. तिथे सकाळचे वर्ग होते, म्हणून दिवसा नोकरी करणारी मुले पहाटे उठून शिकली. १९५० साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) जे कॉलेज निघाले तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. आपल्या भागाला मुंबईपेक्षा औरंगाबाद जवळ. अजिंठ्याकडून उतरले की आलेच. विदर्भ-मराठवाड्यातली किती तरी गरीब मुले तिथल्या वसतिगृहांत वाढली. नागपूरला दीक्षाभूमीवर १९६४ साली डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले.

या ठिकाणी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी कॉलेजात असताना शिष्यवृत्तीचा पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती पडायचा. एका वर्षी माझ्या फॉर्मला उत्पन्नाचा दाखला जोडायचा राहिला. त्रुटीची यादी फलकावर लागली, तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीत घरी कापूस वेचायला आलो होतो. परत गेलो तोवर मुदत संपलेली. वर्षाची शिष्यवृत्ती गेली. मेसचे बिल थकले, ते आईने दारातल्या दोन बकऱ्या विकून भरले. आई मला एक शब्द बोलली नाही. पण ते रिकामे दावे अजून डोळ्यांपुढे येते. म्हणून पुढचे चार शब्द जरा कळकळीने लिहितो आहे, राग मानू नये.

कागद आधी, कॉलेज नंतर

सर्वांत पहिला कागद जातीच्या दाखल्याचा. "आम्ही बौद्ध, मग दाखल्यावर ते जुने नाव कशाला?" असे आपली मुले विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना समजावून सांगावे की आपला धर्म बौद्धच आहे आणि दाखल्यावर तो तसाच लिहिला जातो. पण ही सवलत जातीपायी झालेल्या अन्यायाची भरपाई आहे, म्हणून आपण कोणत्या अनुसूचित जातीतून धम्मात आलो हे कायद्याला पाहावे लागते. धर्मांतरित बौद्धांसाठी दाखल्याचा वेगळा नमुना आहे. केंद्राच्या सवलतीसाठी मूळ जातीचा स्पष्ट उल्लेख लागतो, हे अर्ज करतानाच लक्षात ठेवावे. आपल्याकडे हा दाखला खामगावच्या उपविभागीय अधिकारी कार्यालयातून मिळतो.

दुसरा कागद जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी. सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात २ सप्टेंबर १९९४ रोजी निकाल दिला आणि जातीच्या दाखल्यांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली. महाराष्ट्रात २००० साली त्यासाठी कायदा झाला. आता जिल्ह्याच्या ठिकाणी पडताळणी समिती आहे. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा व्यावसायिक कोर्सच्या राखीव जागेवर व्हॅलिडिटीशिवाय प्रवेश टिकत नाही. त्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून या राज्याच्या हद्दीत राहत असल्याचा पुरावा मागतात. ती तारीख म्हणजे वर सांगितलेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाची तारीख.

हा पुरावा कुठे सापडतो? आजोबा-पणजोबांची शाळेतली दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नक्कल, जमिनीचे जुने कागद. जुन्या कागदांवर राज्याचे नाव 'मध्यप्रांत व वऱ्हाड' किंवा 'मध्यप्रदेश' दिसले तर घाबरू नये. आपला जिल्हा तेव्हा तिथेच होता. जुनी नोंद कधी मोडीत असते, कधी आडनावच नसते, नुसते बापाचे नाव आणि जात. आडनाव पुढे बदलले असेल तर प्रतिज्ञापत्र करून वंशावळ नीट जोडावी. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाकडे, म्हणजे काका, आत्या, सख्खा भाऊ यांच्यापैकी कुणाकडे व्हॅलिडिटी असेल तर तिची प्रत लावावी, काम पुष्कळ सोपे होते. लग्न झालेल्या मुलीसाठी माहेरचे, वडिलांकडचे कागद लागतात. जुनी नक्कल वाचताना ती जात, तो शब्द पाहून काहींना वाईट वाटते. वाटणारच. पण तोच कागद आज आपल्या नातवाला डॉक्टर करू शकतो. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करू नका, अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करा.

तिसरे, पटवाऱ्याच्या अहवालावरून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, टी.सी., गुणपत्रिका, आणि आधार जोडलेले मुलाच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते. मध्ये एखादे वर्ष शिक्षणात खंड पडला असेल तर खंड प्रमाणपत्र. आधार, गुणपत्रिका आणि बँक या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच आहे का ते पाहून घ्या. यातच बहुतेक फॉर्म अडकतात.

फॉर्म आणि हिशेब

पूर्वी फॉर्म कागदावर कॉलेजात भरत. २०१८ पासून तो महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी २०२१ च्या नियमांत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यापेक्षा उत्पन्न जास्त असले तर काहीच मिळत नाही, असा आपल्या छोट्या नोकरदारांचा समज आहे. तो चुकीचा आहे. राज्याच्या फ्रीशिपमध्ये शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते, म्हणून त्यांनीही फॉर्म भरावा.

त्याच नियमांप्रमाणे अकरावी-बारावी, आयटीआय, पॉलिटेक्निकच्या मुलाला घरून ये-जा करत असेल तर वर्षाला २,५०० आणि वसतिगृहात असेल तर ४,००० रुपये निर्वाह भत्ता ठरला. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या वरच्या गटात तो ७,००० आणि १३,५०० रुपये. फीचा पैसा वेगळा. या योजनेचा साठ टक्के वाटा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. इथे घरचे लोक फसतात. खात्यात पैसा दिसला की बी-बियाणे येते, लग्न येते, दवाखाना येतो, आणि मग वर्षाअखेर फीची थकबाकी निघते आणि पोरगं अडकून पडते. तो पैसा आपला नाही, कॉलेजचा आहे, असे समजूनच वागावे.

आणखी दोन गोष्टी. व्यावसायिक कोर्सला मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणून शासनाच्या प्रवेश फेरीतूनच जावे. आणि फॉर्मचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी भरला म्हणून काम संपले असे नाही. रकमा आणि मुदती शासन वेळोवेळी बदलते, तेव्हा दरवर्षी बुलढाण्याच्या समाजकल्याण कार्यालयात किंवा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात चौकशी करावी.

राहण्यासाठी समाजकल्याणच्या वसतिगृहात वेगळा अर्ज करावा लागतो. तिथे नंबर लागला नाही तर निराश होऊ नये. २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाह मिळून मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महानगरपालिकांच्या शहरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या इतर ठिकाणी ४३,००० रुपये अशी तिची सुरुवातीची रक्कम ठरली होती. वसतिगृहाचा अर्ज केल्याची पोच जपून ठेवा.

कोणत्या वाटेने जावे?

सगळ्यांनीच डॉक्टर-इंजिनिअर झाले पाहिजे असे नाही, आणि सगळ्यांनीच बी.ए. करून भरतीची वाट पाहत बसावे असेही नाही. दहावीनंतर खामगावला आयटीआय आहे, शासकीय पॉलिटेक्निक आहे. शेगावला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. शेतीची आवड असेल तर अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. पदवीसाठी १९८३ पासून आपले विद्यापीठ अमरावतीला आहे, त्याआधी आपल्या मुलांना नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा द्याव्या लागत. २०२४ पासून बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पोट भरत भरत शिकायचे असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. सिद्धार्थ कॉलेजचे सकाळचे वर्ग ज्या मुलांसाठी निघाले, तशाच मुलांसाठी ही सोय आहे.

स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फत प्रशिक्षण मिळते. परदेशी शिकायचे असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ विद्यार्थी तिच्यावर जाऊ शकतात. त्यांत आपल्या खामगाव तालुक्यातला एखादा का नसावा? धंदा करणाऱ्या तरुणांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. राज्याच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना, बौद्धांसह, १३ टक्के आणि केंद्रात १५ टक्के जागा आहेत. पण जागा कमी आणि उमेदवार जास्त आहेत, म्हणून हातात एखादे कौशल्य असू द्यावे. मुलींच्या बाबतीत तर माझी हात जोडून विनंती आहे. बारावी झाली की स्थळ पाहायची घाई करू नका. व्हॅलिडिटी, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांवर तिचाही तेवढाच हक्क आहे.

शिकलेल्यांचे कर्ज

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल मनातले दुःख बोलून दाखवले. ज्यांनी शिकून समाजाच्या उपयोगी पडावे, ते आपापले पोट भरण्यात दंग झाले, अशी त्यांची खंत होती. आज आपल्या गावातले कितीतरी लोक शिक्षक, कारकून, पोलीस, इंजिनिअर झाले. आपल्यापैकी कुणाचे शिक्षण त्या तीन लाखांच्या योजनेशिवाय झाले असते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

म्हणून एक सूचना मांडतो. दरवर्षी निकालानंतर दोन महिने, दर रविवारी वंदनेनंतर, विहारात फॉर्म भरण्याची बैठक घ्यावी. शिकलेल्या दोन-तीन मुलामुलींनी मोबाइल-कॉम्प्युटर घेऊन बसावे, एका वहीत प्रत्येक मुलाचे नाव, कोर्स, कोणता कागद बाकी आणि मुदत लिहून ठेवावी. ज्यांनी व्हॅलिडिटी काढली त्यांनी आपल्या भाऊबंदांना प्रती द्याव्यात. जुन्या नकला एकदाच शोधून फाइल करून ठेवल्या तर पुढच्या दहा मुलांचे हेलपाटे वाचतील. याला वर्गणी लागत नाही, फक्त वेळ लागतो.

विहाराची इमारत आपण सर्वांनी मिळून जपतोच. तिच्या एका कोपऱ्यात असे टेबल मांडले, तर दारात दबकत उभ्या असलेल्या त्या माईला तिच्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळेल. केळुसकर गुरुजींनी एका विद्यार्थ्यासाठी जे केले ते आपण आपल्या गल्लीतल्या एका लेकरासाठी करू या. एवढे झाले तरी हा वर्धापन दिन सार्थकी लागला असे मी समजेन.

भवतु सब्ब मंगलम्! जय भीम! जय बुद्ध!